आयांनी एकत्र पुस्तके वाचून त्यांवर चर्चा केल्याने नेमके काय साधते?

अबोली (नाशिक):

आमच्या वसाहतीत बालवाडीच्या वयाची मुले असलेल्या आम्ही काही जणी आहोत. सकाळी मुलांना गाडीत बसवून दिल्यावर आणि संध्याकाळी ती झोपाळ्यावर खेळत असताना आमच्या रोज गप्पा होतात; परंतु त्या लस, डबा, सर्दी-खोकला आणि पहिलीचा प्रवेश यांच्यापलीकडे क्वचितच जातात. म्हणून मी असे सुचवले की महिन्याला एक पुस्तक ठरवावे, सर्वांनी ते वाचावे आणि महिनाअखेरीस कोणा एकीच्या घरी बसून त्यावर बोलावे.

कल्पना कोणी मोडीत काढली नाही. मात्र काही शंका पुढे आल्या आणि त्यांची समाधानकारक उत्तरे मला देता आली नाहीत. एकीचे म्हणणे असे की वाचन ही एकटीने, निवांतपणे करायची गोष्ट आहे. चार जणींनी मिळून बोलल्याने त्यात काय भर पडणार? दुसरीला वाटते की एवढा वेळ काढायचाच असेल तर बालसंगोपनाचीच पुस्तके घ्यावीत, म्हणजे मुलांना तरी त्याचा उपयोग होईल. याशिवाय आमच्यातील दोघी इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे मराठी सावकाश वाचतात, आणि एकीने दहावीनंतर पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक हातात घेतलेले नाही. या तिघींना अवघडल्यासारखे होईल, ही काळजी मला सर्वांत जास्त वाटते. माझ्या सासूबाईंनी मात्र मनापासून पाठिंबा दिला असून त्या दोन तास सगळ्या मुलांना सांभाळायलाही तयार आहेत.

ज्यांनी असा गट चालवला आहे किंवा पाहिला आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

पारिजात (सांगली):

अबोलीताई, आमचा गट मुले प्राथमिक शाळेत असताना सुरू झाला आणि त्यांतली काही मुले आता महाविद्यालयात आहेत, तरी तो चालू आहे. त्यामुळे तुमच्या पहिल्या शंकेविषयी थोडे सविस्तर लिहिते.

आईपणाबद्दल आपल्याकडे मोकळेपणाने बोलता येत नाही, हे आपण सगळ्याच जाणतो. मी दमले आहे, मला या मुलाचा आज राग येतो आहे, मला चार दिवस कोणीही ‘आई’ म्हणून हाक मारू नये असे वाटते, हे एखादी बाई उघड बोलली की ते लगेच तिच्या घराविषयीचे, नवऱ्याविषयीचे किंवा सासूविषयीचे बोलणे ठरते आणि दुसऱ्या दिवशी ते चार घरी पोहोचलेले असते. म्हणून बाया बोलतच नाहीत, किंवा हसण्यावारी नेतात. पुस्तकातल्या बाईविषयी बोलताना ही अडचण राहत नाही. तिची बाजू घेता येते, तिच्यावर रागावता येते, आणि हे करत असताना जे बोलायचे असते ते आपोआप बोलले जाते.

एक उदाहरण देते. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ 1935 साली प्रसिद्ध झाले आणि आमच्यापैकी प्रत्येकीने ते शाळकरी वयात वाचले होते. ते पुन्हा घेण्याचे ठरले तेव्हा दोघींनी नाक मुरडले, कारण त्यात नवीन काय सापडणार, असे त्यांना वाटत होते. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई त्याच्यासाठी आपले ओचे पसरते, तो प्रसंग एकीने मोठ्याने वाचला. पायांना जसे जपतोस तसे मनालाही जप, ही शिकवण सर्वांना पाठ होती. लहानपणी आमचे लक्ष श्यामवर होते आणि बाईंनी प्रश्नही श्यामविषयीच विचारले होते. या वेळी मात्र आमच्यातील एक जण म्हणाली, “मला आता फक्त तिचे ओले लुगडे दिसते. ते तसेच अंगावर घेऊन ती पुढच्या कामाला लागली असेल, आणि तिचे अंग कोणी पुसले असेल?” त्यानंतर तासभर आमच्या घरांत सर्वांत शेवटी कोण जेवते आणि आजारी पडल्यावर आईच्या उशाशी कोण बसते, यावरच बोलणे झाले. एरवी हा विषय काढला असता तर ती तक्रार ठरली असती.

त्याच पुस्तकातील दुसऱ्या प्रसंगावरून आमच्यात चांगलेच मतभेद झाले. श्याम पोहायला जायला घाबरतो, लपून बसतो, आणि आई त्याला शिपटीने मारून विहिरीकडे धाडते. काहींना ती खंबीर वाटली, काहींना तो प्रसंग वाचवेना. मुलाची भीती मोडण्यासाठी आईने कुठवर जावे, यावर बोलता बोलता एका मैत्रिणीने सांगितले की कामावरून आल्यावर तिचा हात मुलावर उठतो आणि नंतर रात्री तिला झोप लागत नाही. तिला कोणी उपदेश केला नाही. दुसरीने आपल्याही घरातली तशीच गोष्ट सांगितली, आणि मग राग कोणत्या वेळी अनावर होतो, त्या वेळी मुलाला थोडा वेळ शेजारी सोडता येईल का, असे अगदी व्यवहाराचे बोलणे सुरू झाले. त्या दोघी शेजारी राहत होत्या आणि एकमेकींच्या मुलांना तासभर ठेवून घेण्याची त्यांची पद्धत त्या दिवसापासून पडली. एकटीने वाचले असते तर ते पान उलटून ती पुढे गेली असती.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचाही अनुभव सांगण्यासारखा आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने राहिल्या. पतीपत्नी पुन्हा एकत्र आली आणि लक्ष्मीबाईंनी स्वतः 1900 साली धर्मांतर केले. इतक्या मोठ्या उलथापालथीविषयी लिहितानाही त्यांचा विनोद सुटत नाही. आमच्या गटातील जिचा नवरा वर्षानुवर्षे आखाती देशात नोकरीला होता, तिला त्या पुस्तकातले मधले वियोगाचे भाग वाचताना आपलेच दिवस वाचल्यासारखे वाटले. नवरा दूर असलेल्या बाईला लोक काय काय विचारतात, हे आम्हाला तोपर्यंत माहीतच नव्हते. ती आमच्यातच वावरत होती, तरीही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. बोलण्याची सुरुवात नेहमी पुस्तकापासून करावी आणि दुसरीच्या संसारावर निकाल देऊ नये. जिला स्वतःविषयी काही सांगायचे नसेल तिने केवळ पुस्तकावर बोलून उठावे. तिला कोणी खोदून विचारू नये.

शाल्मली (ठाणे):

पारिजातताईंचे बहुतेक म्हणणे पटते, पण बालसंगोपनाच्या पुस्तकांना अगदीच बाजूला सारू नये, असे मला वाटते. आमच्या गटाने सुरुवात त्याच पुस्तकांपासून केली. बाळाला वरचे अन्न केव्हा आणि कसे सुरू करावे, तापात काय करावे, याविषयी व्हॉट्सअपवर परस्परविरोधी सल्ल्यांचा इतका भडिमार होतो की डॉक्टरांनी लिहिलेले एक पुस्तक सर्वांनी मिळून नीट वाचणे, त्यातले न समजलेले लिहून काढणे आणि ते आपापल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून येणे, याचा आम्हाला खरोखर उपयोग झाला. लेखकाने हे कशाच्या आधारावर म्हटले आहे, असा प्रश्न विचारण्याची सवय लागली, आणि ती सवय पुढे कादंबरी वाचतानाही उपयोगी पडली.

अडचण आली ती वेगळीच. संगोपनाचे पुस्तक पुढे असले की प्रत्येक बैठकीत मुलांची तुलना सुरू होई. कोणाचा किती लवकर बोलू लागला, कोण आधाराच्या चाकांशिवाय सायकल चालवतो, कोणाला पाढे येतात, यातच वेळ जाई, आणि ज्यांची मुले थोडी सावकाश वाढत होती त्या आया हळूहळू येईनाशा झाल्या. म्हणून आम्ही आता एक महिना असे पुस्तक आणि दोन महिने आत्मचरित्र, कथा किंवा कादंबरी, असा क्रम ठेवला आहे. मुलांना उपयोग व्हावा ही इच्छा गैर नाही, परंतु ज्या गटात आईला फक्त मुलाची आई म्हणूनच बसावे लागते, तो गट तिला विसावा देत नाही.

ग्रंथपाल (सातारा जिल्हा):

मी सार्वजनिक वाचनालयात काम करतो. स्वतः आई नसलो तरी अशा गटांना पुस्तके पुरवण्याचे काम अनेक वर्षे करत असल्यामुळे व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली अडचण प्रतींची असते. वाचनालयात एका पुस्तकाच्या सहसा एक किंवा दोन प्रती असतात आणि आठ जणींना त्या एका महिन्यात फिरवणे जमत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे सुरुवातीला स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके घेणे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी ही मुदत संपते. त्यामुळे रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी यांचे लेखन आता सर्वांसाठी खुले आहे. ते वेगवेगळ्या प्रकाशकांच्या स्वस्त आवृत्त्यांत मिळते, मोबाइलवर वाचता येते आणि हवे ते प्रकरण निर्धास्तपणे छापून सर्वांना देता येते. हयात किंवा अलीकडच्या लेखकांची पुस्तके मात्र विकत घ्यावीत अथवा वाचनालयातून न्यावीत. त्यांच्या छायाप्रती काढू नयेत.

दुसरे असे की महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालये अगदी लहान गावांतही आहेत, आणि पुस्तकखरेदीच्या वेळी वाचकांची मागणी त्यांना हवीच असते. गटाने मिळून लेखी मागणी केली तर एकाच पुस्तकाच्या तीन-चार प्रती घेण्याचा विचार होऊ शकतो. एकट्या वाचकाची मागणी वहीत पडून राहते. दहा सह्यांचे पत्र समितीच्या बैठकीत वाचले जाते. आपल्या नाशिकमध्ये तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेतून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोहोचवण्याचे काम झाले आहे. तेथे अवश्य चौकशी करावी.

आमच्या जिल्ह्यातील म्हणून एक पुस्तक आवर्जून सुचवतो. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ 1986 साली पुस्तकरूपाने आले. त्यांचे छोटेसे दुकान होते. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील कागद त्या गल्ल्यावर बसून वाचत असत, आणि आपले लेखन त्यांनी कित्येक वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले होते. वाचायला वेळ मिळत नाही असे म्हणणाऱ्या वाचक भगिनींना मी हे पुस्तक देतो, पण त्यांना खजील करण्यासाठी नव्हे. वाचण्यासाठी आणि लिहिण्यासाठी एका आईला काय काय लपवावे लागले, यावर त्यांनी बोलावे असे मला वाटते. दलित समाजातील बायकांच्या वाट्याला घराबाहेर आणि घरात आलेले जिणे त्यात इतक्या थेटपणे आले आहे, की त्यावरची चर्चा सोपी जात नाही. ती टाळू मात्र नये.

समुपदेशक (पुणे):

मी बाळंतपणानंतरच्या मानसिक आरोग्यावर काम करते, म्हणून त्या बाजूने लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे 13 टक्के स्त्रियांना मानसिक आजाराला, प्रामुख्याने नैराश्याला, तोंड द्यावे लागते आणि विकसनशील देशांत हे प्रमाण जवळजवळ 20 टक्क्यांपर्यंत जाते. त्या काळात सर्वांत जास्त टोचतो तो एकटेपणा. घरात माणसे असतात, बाळाला बघायला पाहुणे येतात, पण आईशी बाळाखेरीज दुसऱ्या कशावर कोणी बोलत नाही. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मैत्रिणी भेटणार आहेत आणि तेथे माझे मत विचारले जाणार आहे, एवढी एक गोष्टसुद्धा अशा बाईला आठवडा पार करायला बळ देते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

तरीही एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. वाचनगट हा उपचार नाही. एखादी सदस्य सतत रडते, तिला झोप लागत नाही, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले आहे किंवा जगू नये असे ती बोलते, तर तिला पुस्तक सुचवत बसू नका. तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. शासनाची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मिळते आणि तेथे मराठीतही बोलता येते. गटात ऐकलेले बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांनी एकमेकींना सांगावे. मासिक बैठकीचे छायाचित्र वसाहतीच्या व्हॉट्सअप गटावर टाकण्याची हौसही आवरावी, कारण त्यानंतरच्या बैठकीत बायका जपून बोलतात.

वेळेविषयीही बोलले पाहिजे. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जातो, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. त्यामुळे आईने वाचनासाठी वेळ “काढावा” असे म्हणताना तो कोणाकडून काढून घ्यायचा, हेही घरात ठरावे लागते. तुमच्या सासूबाई मुलांना सांभाळणार आहेत ही फार मोठी गोष्ट आहे. पण आळीपाळीने वडिलांनीही ते दोन तास सांभाळावेत, असे सुचवून पाहा. आमच्याकडील एका गटात हीच अट घातली गेली, आणि पुढे वडिलांनाच मुलांच्या गोष्टीची पुस्तके हवीशी वाटू लागली.

जुई (यवतमाळ जिल्हा):

तुमच्या शेवटच्या शंकेला उत्तर देते, कारण आमच्या बचत गटात हाच प्रश्न सर्वांत मोठा होता. आमच्यातील काही जणी शेतात कामाला जातात, काहींचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे, दोघींना सही करता येते पण परिच्छेद वाचता येत नाही. म्हणून आम्ही घरी वाचून येण्याची पद्धत सोडूनच दिली. हप्ता गोळा करून हिशेब लिहून झाला की एक जण मोठ्याने वाचते आणि बाकीच्या ऐकतात. एका वेळी दहा-बारा पाने होतात, कधी तेवढीही होत नाहीत.

आपल्या आजी-पणजी चातुर्मासात अशाच बसत होत्या. देवळात किंवा कोणाच्या ओसरीवर ‘हरिविजय’ नाही तर ‘पांडवप्रताप’ लागे, एक जण वाची, बाकीच्या वाती वळत ऐकत आणि मध्येच थांबवून द्रौपदीविषयी किंवा यशोदेविषयी आपले मत ठणकावून सांगत. ऐकणारीला वाचता येत नव्हते म्हणून तिचे मत कोणी कमी लेखत नसे. आमच्या गटातही कथेतील बाई असे का वागली, याचा सर्वांत नेमका अंदाज ज्यांना अक्षरओळख नाही त्याच दोघी अनेकदा सांगतात, आणि वाचणाऱ्या आम्ही मान डोलावतो.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या तुमच्या मैत्रिणींनाही हीच पद्धत सोयीची होईल. जोडाक्षरांत अडखळत वाचण्याची लाज ऐकताना वाटत नाही, आणि काही महिन्यांनी त्या स्वतःहून एखादे पान वाचायला मागतात. त्यांना हेही सांगा की रमाबाई रानडे 1873 साली वयाच्या अकराव्या वर्षी सासरी आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष पत्करून त्या शिकल्या आणि 1910 साली त्यांचे आठवणींचे पुस्तक आले. लक्ष्मीबाईंचीही अक्षरओळख लग्नानंतरचीच. मराठीतील दोन उत्तम आत्मकथने उशिरा वाचायला शिकलेल्या बायकांनी लिहिली आहेत, हे ऐकून आमच्या एका मावशींनी त्याच आठवड्यात नातीची पाटी मागून घेतली.

संपूर्ण कादंबरीने सुरुवात करू नका. एकच कथा किंवा आत्मचरित्रातील एकच प्रकरण घ्या, तेही एका बैठकीत संपेल एवढे. जिला पुढे काय झाले याची उत्सुकता वाटेल ती पुस्तक घरी नेईलच.

अबोली (नाशिक):

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी मी ही उत्तरे मैत्रिणींना वाचून दाखवली. जी मैत्रीण बालसंगोपनाच्या पुस्तकांचा आग्रह धरत होती तिला शाल्मलीताईंचा क्रम मान्य झाला, आणि जी कधीच पुस्तक हातात घेत नाही ती म्हणाली की ऐकायचेच असेल तर मी भाजी निवडायला घेऊन येईन. पहिल्या बैठकीत ‘स्मृतिचित्रे’तील सुरुवातीचा, वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचा भाग मोठ्याने वाचायचा असे ठरले आहे. वाचणार माझ्या सासूबाई आहेत, कारण त्यांनीच तशी इच्छा व्यक्त केली. त्यामुळे मुलांना सांभाळण्याची पहिली पाळी आमच्या घरातील दोन्ही पुरुषांकडे आली आहे.

ग्रंथपालांना एक विचारायचे आहे. या पुस्तकाच्या संक्षिप्त आणि संपूर्ण अशा दोन्ही आवृत्त्या बाजारात दिसतात. आम्ही कोणती घ्यावी?

ग्रंथपाल (सातारा जिल्हा):

संपूर्ण आवृत्तीच घ्या. संक्षेप करताना सहसा घरगुती तपशील आणि लांबलेले संवाद आधी गाळले जातात, आणि तुमच्या गटाला बोलायला लागणार आहे ते नेमके त्यातच आहे. एकच प्रत आणलीत तरी मोठ्याने वाचण्यासाठी ती पुरेल; फक्त टाइप मोठा आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या, म्हणजे सासूबाईंना सोपे जाईल.